आडवं, उभं आणि सहारे बाई

सहारे बाईंना पत्ता विचारणारा माणूस हमखास चुकायचा. "पोलीस पाटलाचं घर कुठी हाय बाई?" असं कोणी विचारलं की त्या आधी गावातल्या पाण्याच्या टाकीकडे बोट दाखवायच्या. "टाकीले शून्य धरा. तिथून उगवतीकडं चार घरं, मंग तलावाकडं तीन." माणूस गंभीरपणे मान हलवून निघायचा आणि पुढच्या पानठेल्यावर थांबून पुन्हा तोच प्रश्न विचारायचा. बाईंना याचं मनापासून वाईट वाटे. "मी बरोबर तर सांगितलं ना," त्या मला म्हणत. "तिरपं गेला असता तर पाचच घरं झाली असती. पण मधात लोकाइच्या भिंती हायेत, त्याले मी काय करू?"

गेल्या माघात बाई गेल्या. बातमी कळली तेव्हा मला त्यांचा चेहरा आधी आठवला नाही, हा पत्ताच आठवला.

नागभीडहून आत, एका जुन्या तलावाच्या काठी आमची शाळा होती. पहिली ते दहावी, कौलारू, मागे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि बांध्यांच्या मागे जंगल. मी चंद्रपूरहून तिथे मराठी शिकवायला गेले तेव्हा मला मिळालेली खोली बाईंच्या घरासमोर होती. बाई बुटक्या, काळ्यासावळ्या, चालायला भलत्या चपळ. सुती साडीच्या पदराला कायम खडूची भुकटी. त्यांच्या पर्समध्ये आरसा किंवा पावडर कधी दिसली नाही. सुतळीचा एक गुंडा मात्र असे. सुतळीला सारख्या अंतरावर गाठी मारलेल्या. तीन गाठी इकडे, चार तिकडे, पाच तिरप्या धरल्या की कोपऱ्यात काटकोन तयार. बाई कुठेही गेल्या की तो गुंडा काढून तपासून पाहत. लग्नाच्या मांडवाचा खांब, दवाखान्याची खिडकी, एकदा तर आमच्या हेडमास्तरांचं टेबल. टेबल वाकडं निघालं. "तरीच सह्या तिरप्या येऊन राह्यल्या सरच्या," असं त्या स्टाफरूममध्ये म्हणाल्या आणि ते हेडमास्तरांपर्यंत पोहोचलं.

त्यांचं एक वाक्य शाळेतल्या प्रत्येकाला पाठ होतं. कोणी रडत आलं, भांडत आलं, पोट दुखतं म्हणून आलं, तरी बाई पदर खोचून विचारायच्या, "आडवं किती, उभं किती? थे सांग आधी. तिरपं मंग काढू." म्हणजे जे खरोखर मोजता येतं ते आधी सांग. मला सुरुवातीला हे वाक्य फार कोरडं वाटे. मी मराठीची, माझ्याकडे मुलं यायची ती सगळं तिरपंच घेऊन. पण बाईंसमोर उभं राहून आडवं-उभं सांगता सांगता मुलांचं रडणं थांबायचं, हे मी पाहिलं आहे.

दहावीचा निर्देशक भूमितीचा धडा बाई वर्गात शिकवत नसत. शाळेच्या मैदानावर चुन्याने चौकटी आखून घेत. झेंड्याचा खांब म्हणजे आरंभबिंदू. खांबापासून उजवीकडे आणि तलावाच्या दिशेने धन, डावीकडे आणि मागे ऋण. प्रत्येक मुलाला एक बिंदू मिळायचा आणि तिथे जाऊन उभं राहायचं. उन्हात उभी राहिलेली ती मुलं वर्गाच्या खिडकीतून मला शेतात लावलेल्या रोपांसारखी दिसायची.

एकदा रंजना नावाच्या मुलीला खांबाच्या मागची जागा मिळाली. उणे दोन, उणे एक. रंजना पल्याडच्या टोल्यावरून यायची. टोला म्हणजे नाल्याच्या पलीकडची पंधरावीस घरं, मोहफुलं आणि तेंदूपत्ता वेचणारी, थोडं धान लावणारी. ती जागेवर गेली तशी मुलं ओरडू लागली, "उणी! रंजना उणी!" पोरगी खाली मान घालून रडायला लागली. "मले उणं नाई व्हाचं बाई," म्हणाली.

बाई आपली जागा सोडून तिच्या चौकटीत जाऊन उभ्या राहिल्या. "मी बी आता इथीच हाय. बेटा, उणं म्हणजे कमी नाई. उणं म्हणजे दुसऱ्या बाजूले." मग त्यांनी समोर एक, तीन या बिंदूवर उभ्या असलेल्या सगळ्यात मोठ्याने ओरडणाऱ्या पोट्ट्याला हाक मारली. "रंजनापासून तुझ्यापर्यंत आडवं किती?"

"तीन."

"उभं?"

"चार."

"तिनाचा वर्ग, चाराचा वर्ग, बेरीज?"

"पंचवीस. वर्गमूळ पाच."

"आता तू तिच्याकडून मोज नाई तर थे तुझ्याकडून मोजो, पाचच येते. वर्ग केला का उणं जाते. अंतर कधी उणं राहत नाई, समजलं?" मग सुतळी ताणून ते पाच अंतर सगळ्यांना दाखवलं. सुतळीचं एक टोक रंजनाच्या हातात होतं. ते तिने इतकं घट्ट धरलं होतं की बाईंना ते सोडवून घ्यावं लागलं.

बाईंच्या या मोजण्याच्या वेडापायी गावात एकदा मोठं प्रकरण झालं. धान कापून झालं होतं, बांध्या रिकाम्या होत्या. बाई नववीच्या मुलांना घेऊन तानबाभाऊंच्या बांधीत उतरल्या. धुऱ्याची, म्हणजे बांधाची, एक बाजू बारा मीटर, दुसरी नऊ. कर्ण पंधरा यायला हवा. मुलांनी दोरी ताणली तर ती सोळाला टेकली. पुन्हा ताणली, पुन्हा सोळा. मुलांचे चेहरे पडले. बाईंना मात्र आनंदाचं भरतं आलं. "अरे, सूत्र नाई चुकलं! बांधी वाकडी हाय!"

हे तानबाभाऊंनी ऐकलं. ते धुऱ्यावर बसून बिडी ओढत होते, ते उठूनच उभे राहिले. "वाकडी म्हणजे? मंग माझी जागा कोनाच्या आंगणात गेली?" पलीकडची बांधी त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाची. संध्याकाळपर्यंत दोन्ही घरं धुऱ्यावर समोरासमोर उभी होती आणि आजोबांच्या काळापासूनच्या गोष्टी निघाल्या होत्या. एका बाजूला कोणीतरी पटवाऱ्याला बोलवायला निघालंही होतं.

बाई मला घेऊन आधी एका घरी गेल्या, मग दुसऱ्या. दोन्ही घरी चहा घेतला, दोन्हीकडे तेच सांगितलं. "काटकोन मले पाह्यजे होता भाऊ, तुमाले नाई. तुमच्या बुढ्यानं पान्याचा उतार पाहून धुरा टाकला. धान वाकड्या बांधीतबी पिकते." तानबाभाऊंनी कपातला उरलेला चहा संपवला. मग म्हणाले, "बाई, पुढच्या खेपेले मोजाले दुसऱ्याच्या बांधीत जाजा." परतताना बाई मला म्हणाल्या, "खरं बोलाचं तर बोलाचं, पण कोनासमोर, हे पाहाले पाह्यजे होतं मी."

यानंतर बरीच वर्षं गेली. रंजना दहावी झाली, टोल्यातच लग्न होऊन राहिली, तिचा मुलगा टोल्यातल्या एकशिक्षकी शाळेत पहिलीला जायला लागला. आणि एका श्रावणात आमच्या शाळेत एक तरुण साहेब आले. कमी पटाच्या छोट्या शाळा जवळच्या मोठ्या शाळेत मिळवायच्या, त्यासाठी अंतरं तपासायचं काम त्यांच्याकडे होतं. हेडमास्तरांच्या खोलीत टेबलावर चौकटींचा नकाशा पसरला होता. साहेब मोठ्याने बोलत हिशोब करत होते. "टोल्याची शाळा इथे. तुमची इथे. आडवं सहाशे मीटर, उभं आठशे..."

शेजारच्या वर्गात बाईंच्या कानांवर एवढंच पडलं. त्या हातात खडू तसाच धरून दारात आल्या. "हजार!" म्हणाल्या. "बरोब्बर एक किलोमीटर."

साहेबांनी चमकून वर पाहिलं आणि हसले. "अगदी बरोबर, मॅडम."

बाईंचा चेहरा असा उजळला होता की मला आजही तो दिसतो. आयुष्यभर जे शिकवलं ते कोणीतरी खऱ्या कामासाठी वापरतंय, हे त्या पहिल्यांदाच पाहत होत्या. त्या नकाशावर वाकल्या, चौकटी मोजल्या, आकडे पुन्हा ताडून पाहिले, साहेबांची पाठ थोपटायचीच काय ती बाकी ठेवली. मग विचारलं, "कायसाठी काढून राह्यले हे?"

साहेबांनी सांगितलं. टोला एक किलोमीटरच्या मर्यादेत बसत होता. टोल्याची शाळा बंद करता येणार होती.

बाईंनी नकाशावरचा हात काढून घेतला. वर्गात परत गेल्या. त्या तासाला त्यांनी काहीच शिकवलं नाही असं मुलं नंतर म्हणाली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. टोल्याची मुलं आमच्याकडे आली तर आमचा पट टिकणार होता. नाही आली तर आमच्याकडची एक जागा अतिरिक्त ठरणार होती, आणि सगळ्यात शेवटी लागलेली मी होते. हे हेडमास्तरांना माहीत होतं, मला माहीत होतं आणि बाईंनाही.

संध्याकाळी आम्ही दोघी नेहमीसारख्या तलावाच्या पाळीवरून फिरायला गेलो. तलाव काठोकाठ भरला होता. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खाली खोल चिखल. याच पाळीवरून टोल्याची वाट जाते, कारण सरळ वाटेतला नाला पावसाळ्यात ओलांडताच येत नाही. टोल्याहून निघालं की आधी झुडपी जंगलातून आठशे मीटर, मग पाळीवरून सहाशे.

बाई थांबल्या. "मी पोट्ट्याइले शिकवत आली का कर्ण सगळ्यात जवळचा रस्ता. थे खोटं नाई. पण पान्यावरून कोन चालून राह्यलं? थे लहान लहान लेकरं दोन्ही बाजू चालतीन. चौदाशे मीटर. साहेबाच्या मर्यादेत बसत नाई थे."

मी चपलेचा चिखल पाळीवरच्या दगडाला खरवडत होते.

"मी उद्या त्याले सांगणार हाय," बाई म्हणाल्या. "तुमची जागा जाईन, मले समजते. तुमाले आधी सांगावं म्हणून इथपर्यंत आणलं. परवानगी नाई मागत मी. पण तुमच्या पाठीमागं बी नाई करत."

त्या रात्री बाईंनी झिंग्याची भाजी केली होती आणि मला बोलावलं होतं. मी गेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब नकाशा गुंडाळत होते तेव्हा बाई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. "साहेब, तुमचं गणित बरोबर हाय. एकडाव चालून पाहा."

साहेब वाईट माणूस नव्हते. घड्याळ पाहिलं आणि निघाले. मीही मागून गेले. का गेले ते मला अजून नीट सांगता येत नाही. पाळीच्या तोंडाशी रंजना लेकराला पाठुंगळी घेऊन उभी होती. बाईंनी तिला आधीच निरोप धाडला होता. पाळ निसरडी झाली होती. साहेबांचा बूट एकदा पाण्याच्या बाजूला गेला, त्यांनी बाईंचा खांदा धरला आणि नंतर तो सोडलाच नाही. पाळ संपली, झुडपं सुरू झाली आणि रंजना मोठमोठ्याने बोलायला लागली. घरातलं, धानातलं, कोंबड्यांचं.

"ह्या एवढ्या मोठ्याने का बोलतायत?" साहेबांनी हळू आवाजात विचारलं.

"इथी मुकाट नाई चालाचं साहेब," रंजना म्हणाली. "वाघ हाय ना. माणसाचा आवाज आला का थो बाजूले होते. तुमी बी बोला."

साहेबांना काय बोलावं सुचेना. "मंग पाढे म्हणा," बाई म्हणाल्या. आणि तो शिकलेला, शहाणा, चांगल्या घरचा माणूस त्या झुडपात तेराचा पाढा मोठ्याने म्हणायला लागला. तेरा साते एक्क्याण्णवनंतर अडकला. बाई पुढे म्हणाल्या, "तेरा आठे?" साहेब म्हणाले, "एकशे चार." असं करत करत आम्ही टोल्यात पोहोचलो.

टोल्याची शाळा म्हणजे एक खोली. आतून मुलांचा आवाज येत होता. साहेब ओट्यावर बसले, बूट काढून चिखल झटकला. मग म्हणाले, "मॅडम, मला नकाशा दिलेला आहे. रस्ता कोणी दिलेला नाही."

"म्हणून तर आणलं," बाई म्हणाल्या.

साहेबांनी अंतर वाटेने धरलं. टोल्याची शाळा राहिली. उन्हाळ्यात माझी जागा अतिरिक्त झाली आणि मला चंद्रपूरला पाठवण्यात आलं. हेडमास्तर स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत म्हणाले, "आपल्याच शाळेचं नुकसान करून ठेवलं बाईनं." जूनमध्ये नवं वेळापत्रक लागलं तेव्हा दहावीचं गणित बाईंच्या नावासमोर नव्हतं. त्यांना पाचवी दिली होती. मी सामान न्यायला आले होते. बाई वेळापत्रकासमोर उभ्या होत्या. मी जवळ गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "पाचवीले काटकोन शिकवता येते. कर्णाले अजून येळ हाय." आवाज नेहमीचाच होता. डोळे मात्र त्यांनी वेळापत्रकावरून हलवले नाहीत.

माझी ट्रंक त्यांनीच एसटीच्या टपावर चढवून घेतली. कंडक्टरला दोरी नीट बांधायला लावली. मी खिडकीत बसले तेव्हा वर्तमानपत्रात गुंडाळलेला डबा हातात दिला. त्यात झिंग्याची भाजी होती. मी डबा घेतला. नागभीड स्टेशनवर, फलाटाच्या टोकाला बसून मी ती भाजी खाल्ली आणि एवढी रडले की शेजारच्या बाईने मला पाणी आणून दिलं. बाईंवरचा माझा राग त्या फलाटावरच गेला असावा, कारण पुढे तो मला कधी सापडला नाही.

नंतर आम्ही फोनवर बोलत असू. बाई निवृत्त झाल्या तरी गाव सोडून गेल्या नाहीत. नव्या गणिताच्या सरांनी अंतराचं सूत्र फळ्यावरच शिकवलं म्हणून एकदा फोनवर अर्धा तास तक्रार केली. "पोट्टे उन्हात उभेच नाई केले त्यानं. मंग त्याइले कसं समजन का अंतर पायाले लागते?"

मग नाल्यावर पूल झाला. सरळ टोल्यातून गावात. फोनवर बाईंचा आवाज तरुण झाला होता. "आता चालता येते त्या रेषेवरून! मी काल दोनदा चालली." पण पूल झाला तशी टोल्याची शाळा पुन्हा तपासणीत आली, आणि या वेळी बंद झाली. टोल्यातल्या बाया चिडल्या. मुलं पाठवायची नाहीत असं ठरलं. सगळ्यात पुढे रंजना. तिची धाकटी मुलगी आता पहिलीत बसायची होती.

"रंजना म्हणते, तुमीच म्हणलं होतं ना शाळा जाऊ देऊ नोका," बाई सांगत होत्या. "आता काऊन पलटल्या? काय सांगू तिले? तवा रस्ता नव्हता, आता हाय, एवढंच तर हाय. पण आपल्या गल्लीतली शाळा गेली तर मानसाचं मन दुखते. थे कोनत्या चौकटीत मांडू मी?" मग त्या म्हणाल्या, "भांडाले मीच शिकवलं तिले. आता भोगा."

बाई वाद घालत बसल्या नाहीत. सकाळी उठून टोल्यात जायच्या, रंजनाच्या ओसरीवर बसायच्या, चहा मिळाला तर प्यायच्या, नाही मिळाला तर तशाच परत यायच्या.

त्याच दिवसांत एका लग्नासाठी मी तिकडे निघाले होते. आधी कळवलं नव्हतं. एसटी आता नव्या पुलावरूनच जाते. सकाळची वेळ होती. पुलाच्या तोंडाशी गाडी हळू झाली आणि मला पुढच्या काचेतून बाई दिसल्या. केस पूर्ण पांढरे, पाठीत थोड्या वाकलेल्या. त्यांचं बोट धरून एक लहान मुलगी चालत होती, नव्या दप्तराच्या ओझ्याने मागे झुकलेली. पुलाच्या टोल्याकडच्या टोकाला रंजना उभी होती, हाताची घडी घालून, ना पुढे येत, ना मागे वळत.

पुलाच्या मधोमध मुलगी थांबली. कठड्याच्या नळीखालून वाकून पाणी पाहायला लागली. ड्रायव्हरने हॉर्न दिला. बाईंनी मुलीला ओढलं नाही. गाडीला हात दाखवून थांबवलं आणि स्वतःही कठड्याला टेकून तिच्याबरोबर खाली पाहत राहिल्या. गाडीतले लोक कुरकुरले, ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. खाली पाणी जाण्याचा आवाज आला. मुलीने काहीतरी विचारलं, बाईंनी तोंड तिच्या कानाशी नेऊन काहीतरी सांगितलं, आणि मुलगी हसली.

मग दोघी कठड्याला चिकटून उभ्या राहिल्या आणि गाडी त्यांच्या अगदी शेजारून पुढे गेली. मी खिडकीतून हाक मारली. बाईंनी वर पाहिलं नाही. त्यांचं सगळं लक्ष मुलीचा हात गाडीच्या बाजूकडून आपल्या बाजूला घेण्याकडे होतं.